विनिपेग, पगार आणि एक न झालेला हंगाम

विनिपेगमधला पोर्टेज आणि मेन या दोन हमरस्त्यांचा चौक कॅनडात बोचऱ्या वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. २७ जून १९७२ रोजी, भर उन्हाळ्यात, त्या चौकात हजारो माणसं जमली होती. आइस हॉकीत ज्याच्या फटक्याला गोलरक्षक घाबरत, तो बॉबी हल शिकागोचा संघ सोडून विनिपेग जेट्सकडे येत होता. गर्दीच्या साक्षीने त्याला दहा लाख डॉलरचा भला मोठा धनादेश देण्यात आला. हे पैसे फक्त सही करण्याचे. पगार धरून दहा वर्षांचा करार साडेसत्तावीस लाखांच्या घरात जात होता. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, तेव्हा पंचावन्न वर्षांची होत आली होती आणि वर्षाला लाखभर डॉलर मिळवणारे खेळाडू तिच्यात मोजकेच होते. वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची नवी प्रतिस्पर्धी लीग सुरू होत होती. तिच्या सगळ्या मालकांनी पैसे एकत्र करून हलला आपल्याकडे ओढलं होतं.

हॉकीतल्या लक्षाधीशांचं युग या चौकात सुरू झालं. चोवीस वर्षांनी त्याच शहराला आपला संघ गमवावा लागला, कारण खेळाडूंचे पगार त्याला झेपेनासे झाले होते. त्या पगारांना आवर घालण्यासाठी पुढे एक अख्खा हंगाम बळी गेला आणि प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर एक रेघ ओढली गेली. आयपीएलच्या लिलावामुळे अशी रेघ आपल्या ओळखीची आहे. २०२५च्या हंगामासाठी तिथे प्रत्येक संघाला १२० कोटींची पर्स होती. पण आयपीएल जन्माला आली तीच अशी मर्यादा घेऊन. हॉकीत ही मर्यादा आली तेव्हा लीग शंभरीकडे झुकली होती, खेळाडू श्रीमंत झाले होते आणि त्यांची संघटना लढायला तयार होती.

खेळाडू श्रीमंत होण्याआधीचा काळ लांबचा आणि कठोर आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत लीगने एक पगारमर्यादा घालून पाहिलीच होती. एका खेळाडूला वर्षाला सात-साडेसात हजार डॉलरच्या वर देता येत नसे. त्या काळात छोट्या गावाचा संघ तगायचा तर आपला हिरा विकून. ऑटावाने १९३०मध्ये किंग क्लॅन्सी हा बचावपटू टोरांटोला ३५,००० डॉलर आणि दोन खेळाडूंच्या बदल्यात दिला. त्यानेही संघ वाचला नाही. १९३४मध्ये तो सेंट लुईसला हलला आणि वर्षभरात बंद पडला. पुढची तीन दशकं खेळाडू करारातल्या कलमाने जन्मभर एकाच संघाला बांधलेला असे. मालक त्याला हवं तेव्हा दुसरीकडे पाठवू शकत, त्याला स्वतःहून कुठे जाता येत नसे. १९५७मध्ये डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना बांधायचा प्रयत्न केला. त्याच उन्हाळ्यात त्याची रवानगी शिकागोला झाली. तो संघ तेव्हा तळाला लोळत होता. लीगमधल्या इतर खेळाडूंना निरोप पोचला आणि संघटना मोडली. खेळाडूंची अदलाबदल हे संघ बांधायचं साधन आहे असं आपण समजतो. लिंडसेच्या काळात ते शिक्षेचं हत्यार होतं. पुढच्या पिढीतल्या खेळाडूंनी ‘पगारमर्यादा’ हे शब्द उच्चारताच मुठी का आवळल्या, हे समजायला लिंडसेची आठवण हवी. टिकाऊ संघटना उभी राहायला १९६७ उजाडावं लागलं.

हलच्या करारानंतर पगार हळूहळू चढत गेले. १९७९मध्ये नवी लीग संपली आणि तिच्यातले विनिपेग, एडमंटन, क्युबेक आणि हार्टफर्ड हे चार संघ एनएचएलमध्ये आले. चारही शहरं लहान. यांतल्या एडमंटनकडे वेन ग्रेट्स्की होता. १९८४ ते १९८८ या पाच वर्षांत एडमंटनने चारदा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. चौथ्या विजयाला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ९ ऑगस्ट १९८८ रोजी मालक पीटर पॉकलिंग्टन यांनी ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. सोबत आणखी दोन खेळाडू गेले. बदल्यात दोन तरुण खेळाडू, नवोदितांच्या निवडीतले पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि दीड कोटी डॉलर रोख मिळाले. करार दोन संघांचा असला तरी त्याचं मर्म त्या रोख रकमेत होतं. कॅनडाच्या संसदेत एका पक्षाच्या सभागृहनेत्याने सरकारने हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली. एडमंटनमध्ये पॉकलिंग्टन यांचा पुतळा जाळला गेला.

लॉस एंजेलिसचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ग्रेट्स्कीचा पगार एकदम वीस-तीस लाखांच्या पातळीवर नेला. आधीपर्यंत प्रत्येक खेळाडू आपल्या संघात काय चाललंय एवढंच बघत होता. आता सगळ्यांना माप मिळालं. १९९२मध्ये खेळाडू संघटनेची सूत्रं बॉब गुडनाऊ यांच्याकडे आली. हार्वर्डमध्ये शिकलेले, स्वतः हॉकी खेळलेले, डेट्रॉइटचे वकील. त्याआधी ते खेळाडूंचे एजंट होते, आणि त्यांच्या अशिलांमध्ये बॉबी हलचा मुलगा ब्रेट हल होता. त्यांनी संघटनेच्या सगळ्या सदस्यांना सगळ्यांचे पगार कळू लागतील अशी व्यवस्था पक्की केली, आणि सूत्रं हाती घेतल्यावर काही महिन्यांतच दहा दिवसांचा संप करून दाखवला. गुडनाऊ यांचं तत्त्व सरळ होतं: बाजार पगार ठरवील, त्यावर कोणतीही मर्यादा मान्य नाही.

समोर आले गॅरी बेटमन. १ फेब्रुवारी १९९३पासून ते लीगचे आयुक्त आहेत. हॉकीत त्यांनी पाऊल टाकलं ते बास्केटबॉलच्या एनबीएमधून, जिथे १९८४पासून पगारमर्यादा लागू होती आणि जिथे ते वकील म्हणून त्या नियमांमध्ये मुरलेले होते. १९९४मध्ये मालकांनी टाळेबंदी केली. संप आणि टाळेबंदी यांतला फरक गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला सांगायला नको. १०३ दिवसांनी, जानेवारी १९९५मध्ये, तडजोड झाली, पण तीत मर्यादा नव्हती. काही मोठे मालकच ती घालायला फारसे उत्सुक नव्हते. या लढाईत बेटमन हरले, आणि त्या हरण्याची किंमत लहान शहरांनी चुकवली.

क्युबेकचा संघ १९९५मध्ये डेन्व्हरला गेला आणि नव्या नावाने पहिल्याच वर्षी कप जिंकला. विनिपेगची पाळी पुढची होती. मे १९९५मध्ये संघ जाणार हे कळल्यावर शहर रस्त्यावर उतरलं. मुलांनी गल्ले फोडले, कंपन्यांनी देणग्या दिल्या, लाखो डॉलर जमले. त्यातून एकच वर्ष मिळालं. फेब्रुवारी १९९६मध्ये टीमू सेलाने, ज्याने पदार्पणाच्या हंगामात ७६ गोल केले होते आणि ज्याच्यावर शहराचा जीव होता, तो अॅनाहाइमला दिला गेला. २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटविरुद्धची बादफेरीची लढत ४-१ अशी हरून जेट्सने विनिपेगचा निरोप घेतला. संघ फिनिक्सच्या वाळवंटात गेला. पुढच्या वर्षी हार्टफर्डचा संघ कॅरोलायनाला गेला. जुन्या चौघांपैकी एकटं एडमंटन जागेवर उरलं.

या सगळ्यामागे पगारांइतकाच विनिमयाचा दर होता. कॅनडातले संघ तिकिटं कॅनडाच्या डॉलरमध्ये विकतात आणि पगार अमेरिकी डॉलरमध्ये देतात. जानेवारी २००२मध्ये कॅनडाचा डॉलर ६२ अमेरिकी सेंटच्या आसपास होता. म्हणजे एडमंटन किंवा ऑटावाला दहा लाखांचा खेळाडू सोळा लाखांना पडायचा. त्याच काळात मोठ्या बाजारपेठांतले मालक एकमेकांवर बोली चढवत होते. न्यूयॉर्क रेंजर्सने १९९७मध्ये कोलोराडोच्या, म्हणजे डेन्व्हरच्या, जो सॅकिकला तीन वर्षांसाठी २.१ कोटींचा प्रस्ताव दिला, त्यात दीड कोटी सहीचे. कोलोराडोने तो तसाच्या तसा स्वीकारून आपला कर्णधार राखला. वॉशिंग्टनने २००१मध्ये यारोमिर यागरला सात वर्षांचा ७.७ कोटींचा करार दिला आणि अडीच वर्षांतच, त्याच्या पगाराचा वाटा स्वतः उचलायचं कबूल करून, त्याला रेंजर्सच्या हवाली केलं.

मग जानेवारी २००३ आला. ऑटावाचा संघ गुणतक्त्यात वर होता आणि त्या हंगामात तो लीगमध्ये अव्वल ठरला. त्याच महिन्यात त्याच्याकडे खेळाडूंना द्यायला पैसे नव्हते आणि त्याने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याच महिन्यात बफलोनेही केला. सर्वोत्तम संघाचा पगार थकतो, तर लीगचा पाया पोखरला आहे हे मान्य करावंच लागतं. बेटमन यांचं हे म्हणणं मला खरं वाटतं. पण दुसऱ्या बाजूचा पुरावाही दुबळा नव्हता. रेंजर्सने पाण्यासारखा पैसा ओतून सलग सात हंगाम बादफेरीचं तोंड पाहिलं नाही. २००४ची अंतिम फेरी टँपा बे आणि कॅलगरी या दोन काटकसरी संघांमध्ये झाली. मूर्ख मालकांना त्यांच्याच मूर्खपणापासून वाचवण्यासाठी खेळाडूंनी पगार का कापून घ्यावा, हा गुडनाऊ यांच्या बाजूचा प्रश्न होता, आणि त्याला मालकांकडे सरळ उत्तर नव्हतं.

फेब्रुवारी २००४मध्ये लीगने एक अहवाल पुढे केला. अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाचे माजी प्रमुख आर्थर लेव्हिट यांनी तो तयार केला होता. २००२-०३मध्ये लीगला २७.३ कोटी डॉलरचा तोटा झाला आणि उत्पन्नाचे ७५ टक्के पगारात गेले, असा त्याचा निष्कर्ष. लीगने पैसे देऊन करून घेतलेला अहवाल म्हणून संघटनेने तो बाजूला सारला. दोन्ही बाजूंना एकमेकांच्या हिशेबवहीवर विश्वास नव्हता. पुढचं सगळं या अविश्वासातून घडलं.

१४ सप्टेंबर २००४ रोजी टोरांटोत कॅनडाने फिनलंडला ३-२ असं हरवून वर्ल्ड कप जिंकला. दुसऱ्या दिवशी जुना करार संपला आणि १६ तारखेला टाळं लागलं. साडेतीनशेहून अधिक खेळाडू युरोपात गेले. बॉस्टनचा जो थॉर्नटन स्वित्झर्लंडच्या डाव्होसमध्ये, अॅटलांटाचा इल्या कोवालचुक रशियातल्या कझानमध्ये. ९ डिसेंबरला संघटनेने सगळ्या चालू करारांमध्ये २४ टक्के कपात देऊ केली. कामगार संघटनेने आपणहून एवढी कपात देऊ करणं विरळाच. लीगने ती पुरेशी नाही म्हणून नाकारली, कारण एकदा कापलेले पगार मर्यादेशिवाय पुन्हा वाढणार होते. फेब्रुवारीच्या मध्यावर गुडनाऊ यांनी जी गोष्ट कधीही मानणार नाही असं वर्षभर सांगितलं होतं ती मानली: मर्यादा चालेल. मग वाद आकड्यावर आला. लीग म्हणाली प्रत्येक संघाला ४.२५ कोटी, संघटना म्हणाली ४.९ कोटी. फरक संघामागे ६५ लाखांचा. १६ फेब्रुवारी २००५ रोजी न्यूयॉर्कमध्ये बेटमन यांनी हंगाम रद्द झाल्याचं जाहीर केलं. १,२३० सामने, सगळी बादफेरी, सगळं. उत्तर अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या व्यावसायिक लीगने कामगार-तंट्यापायी पूर्ण हंगाम गमावल्याचं हे पहिलं उदाहरण. त्या वसंतात स्टॅन्ली कप कोणालाच मिळाला नाही. याआधी तो असा राहिला होता १९१९मध्ये, फ्लूच्या साथीमुळे.

जुलैमध्ये अखेर सही झाली आणि मर्यादा ठरली ३.९ कोटी. फेब्रुवारीत नाकारलेल्या आकड्यापेक्षाही कमी. २४ टक्के कपात राहिलीच. खेळाडूंचा वाटा उत्पन्नाच्या ५४ टक्क्यांवर बांधला गेला. संघटनेने ८७ टक्के मतांनी करार मंजूर केला, मालकांनी एकमताने. काही दिवसांत गुडनाऊ पायउतार झाले. मार्क मेसिए, स्कॉट स्टीव्हन्स, अल मॅकिनिस यांच्यासारखे दिग्गज पुन्हा बर्फावर उतरले नाहीत. हरवलेल्या त्या वर्षातलं सर्वात मोठं नुकसान मला त्यांचं वाटतं. पैसा पुढे भरून निघाला. चाळिशीतल्या खेळाडूचा शेवटचा हंगाम कुठून भरून निघणार?

नव्या नियमांचा सांगाडा समजून घेतला की पुढच्या वीस वर्षांतल्या चाली कळतात. करार कितीही वर्षांचा आणि कसाही वाटलेला असो, मर्यादेत धरायचा तो त्याचा वार्षिक सरासरी आकडा. एका खेळाडूला मर्यादेच्या २० टक्क्यांहून जास्त देता येत नाही. मर्यादेला खाली तळही आहे, म्हणजे अमुक इतका खर्च प्रत्येक संघाने केलाच पाहिजे. पगाराचा काही भाग रोखून ठेवला जातो आणि वर्षअखेरीस उत्पन्नाचा हिशेब लागल्यावर खेळाडूंचा वाटा ठरलेल्या टक्क्याहून वर गेला असेल तर तो मालकांकडे जातो. हिशेब दर दिवसाचा असल्यामुळे ऑक्टोबरपासून रोज थोडी जागा राखणारा संघ मार्चमधल्या अदलाबदलीच्या अखेरच्या दिवशी बराच महागडा खेळाडू घेऊ शकतो. एनबीएची मर्यादा सवलतींमुळे लवचिक होती. हॉकीची मर्यादा कडक, ओलांडायला मुभा जवळपास नाही. त्यामुळे जनरल मॅनेजरच्या शेजारी आकडेमोड करणारा वकील कायमचा येऊन बसला.

सुरुवातीची वर्षं मालकांच्या स्वप्नासारखी गेली. ऑगस्ट २००५मध्ये एडमंटनने सेंट लुईसकडून क्रिस प्रॉन्गर हा लीगचा सर्वश्रेष्ठ ठरलेला बचावपटू मिळवला आणि त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. दोन वर्षांपूर्वी एडमंटनने हे मनातही आणलं नसतं. २००६च्या अंतिम फेरीत एडमंटनसमोर होतं कॅरोलायना, म्हणजे जुनं हार्टफर्ड. विनिपेगच्या चौकात जन्मलेल्या त्या बंडखोर लीगची दोन मुलं नव्या व्यवस्थेचा पहिला कप खेळत होती. सातव्या सामन्यात कॅरोलायना जिंकलं. उत्पन्न वाढत गेलं आणि मर्यादाही: ४.४ कोटी, ५.०३, ५.६७. २००८-०९मध्ये तळ ४.०७ कोटींवर पोचला. तीन वर्षांपूर्वी जे छत होतं, त्याच्याहून आता जमीन उंच झाली होती. ज्या गरीब संघांसाठी हा खटाटोप केला, त्यांना आता पूर्वीच्या श्रीमंतांइतका खर्च सक्तीने करावा लागणार होता. मालकांनी लढून मिळवलेल्या कलमाचा हा परिणाम फार थोड्यांनी आधी ओळखला होता.

मग पळवाटा. सरासरीच मोजायची तर करार लांबवा आणि शेवटच्या वर्षांत नाममात्र पगार ठेवा. सरासरी आपोआप खाली येते. जुलै २०१०मध्ये न्यू जर्सीने कोवालचुकशी १७ वर्षांचा, १०.२ कोटींचा करार केला. त्यातले साडेनऊ कोटी पहिल्या दहा वर्षांत मिळणार होते. करार संपेल तेव्हा तो ४४ वर्षांचा असणार होता. मर्यादेत धरायचा आकडा ६० लाख. लीगने तो फेटाळला, लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी लीगची बाजू उचलून धरली, आणि शेवटी १५ वर्षांचा, दहा कोटींचा सुधारित करार मंजूर झाला. न्यू जर्सीला ३० लाखांचा दंड झाला आणि नवोदित निवडीतले हक्क गेले. तीन वर्षांनी कोवालचुक निवृत्ती जाहीर करून रशियाला परतला. २०१२-१३च्या आणखी एका टाळेबंदीनंतर कराराची लांबी आठ वर्षांवर आणली गेली आणि वाटणी निम्मी-निम्मी झाली. न्यू जर्सीच्या खात्यावर मात्र निघून गेलेल्या त्या खेळाडूचे अडीच लाख डॉलर २०२४-२५पर्यंत दरवर्षी पडत राहिले.

पण पगारमर्यादेने खेळाचं काय केलं हे बघायचं तर कोवालचुकपेक्षा शिकागो बघावं.

९ जून २०१० रोजी फिलाडेल्फियात जादा वेळेत पॅट्रिक केनने अवघड कोनातून मारलेली चकती जाळ्याच्या तळाशी अडकली. क्षणभर कोणालाच कळलं नाही. फक्त केन हातमोजे फेकत दुसऱ्या टोकाकडे धावत सुटला. शिकागोने १९६१नंतर पहिल्यांदा कप जिंकला होता. त्या संघाचं वय, वेग आणि मेळ बघता तो पुढची अनेक वर्षं राज्य करील असं वाटावं. पण हिशेब आधीच फिरला होता. आधीच्या डिसेंबरमध्ये केन, जॉनथन टेव्ज आणि डंकन कीथ यांचे नवे मोठे करार झाले होते. गोलरक्षक क्रिस्टोबाल युएट ५६ लाखांहून जास्त अडवून बसला होता. आधीच्या उन्हाळ्यात काही तरुण खेळाडूंना कायम ठेवण्याचे प्रस्ताव मुदतीत पोचले नाहीत आणि त्यांना अंदाजापेक्षा जास्त पैसे द्यावे लागले. वर यशाचे बोनस: केन आणि टेव्ज चांगले खेळले म्हणून चाळीस लाखांहून अधिक रक्कम पुढच्या वर्षाच्या मर्यादेतून कापली जाणार होती. संघ जिंकल्याचीच ती किंमत.

विजयाला पंधरा दिवस झाले आणि डस्टिन बायफ्युग्लिन गेला. गोलसमोर डोंगरासारखा उभा राहून त्याने त्या बादफेरीत ११ गोल केले होते. त्याच्यासोबत ब्रेंट सोपल आणि बेन ईगर, तिघंही अॅटलांटाला. १ जुलैला अँड्र्यू लॅडही तिकडेच. क्रिस व्हर्स्टीग टोरांटोला. कप जिंकून देणारा गोलरक्षक अँटी निएमी याला लवादाने २७.५ लाख ठरवले. शिकागोने ते नाकारून त्याला मोकळं सोडलं. युएटला उसनवारीवर स्वित्झर्लंडला पाठवलं. कपावर नावं कोरली जाण्याआधीच दहाच्या आसपास खेळाडू शहरातून गेले होते. यांच्यापैकी कोणालाही कोणी नको म्हटलं नव्हतं. त्यांच्यात उणं काही नव्हतं. पुढच्या हंगामात शिकागो बादफेरीत अगदी शेवटच्या दिवशी, दुसऱ्या संघाच्या पराभवामुळे पोचलं आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलं. समतेसाठी काढलेली रेघ उत्तम बांधलेल्या संघालाच सर्वात आधी कापते, हे मला या व्यवस्थेचं सर्वात कठोर सत्य वाटतं. ग्रेट्स्की गेला तेव्हा लोकांनी मालकाचा पुतळा जाळला. शिकागोत जाळायला पुतळा कोणाचा करायचा?

अॅटलांटाला गेलेल्या बायफ्युग्लिन आणि लॅड यांच्या नशिबात आणखी एक वळण होतं. ३१ मे २०११ रोजी अॅटलांटाचा संघ विकला गेला आणि विनिपेगला हलवण्यात येणार असल्याचं जाहीर झालं. व्यवहार १७ कोटींचा, त्यातले सहा कोटी स्थलांतराचं शुल्क. पोर्टेज आणि मेनच्या चौकात पुन्हा गर्दी उसळली. १३ हजार हंगामी तिकिटं बघता बघता संपली. नव्या जेट्सचा पहिला कर्णधार लॅड झाला, आणि बायफ्युग्लिन पुढची आठ वर्षं तिथल्या बचावफळीचा कणा होता. १९९६चं विनिपेग कप जिंकलेला खेळाडू पगार देऊन राखू शकत नव्हतं. २०११चं राखू शकत होतं, कारण शिकागोला त्याला राखायला मनाई होती. सभागृहही त्या अंधाऱ्या हिवाळ्यातलं: नोव्हेंबर २००४मध्ये, टाळेबंदी चालू असताना, ते डाउनटाउनमध्ये उघडलं होतं.

विनिपेगमधून १९९६मध्ये गेलेल्या मूळ संघाचं काय झालं? फिनिक्समध्ये तो २००९मध्ये दिवाळखोरीत गेला, काही वर्षं लीगनेच चालवला. पैसा नसलेल्या त्या संघापुढे पगारखर्चाचा सक्तीचा तळ गाठायचा पेच होता. त्याने त्यावर विलक्षण उपाय काढला. न खेळणाऱ्या खेळाडूंचे करार तो स्वीकारू लागला, कारण त्यांचा मर्यादेतला आकडा मोठा आणि खिशातून जाणारी रक्कम फारच कमी असे. प्रॉन्गर, ज्याने एडमंटनला अंतिम फेरीत नेलं होतं, त्याचा करार जून २०१५मध्ये तिथे आला. प्रॉन्गर तेव्हा डोळ्याच्या आणि मेंदूच्या दुखापतीमुळे कायमचा थांबला होता, लीगच्याच कार्यालयात नोकरी करत होता, आणि त्याच आठवड्यात त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. मग रशियाला परतलेल्या पावेल दात्सुकचा करार आला, पुढे मारियन होसाचा. इतकं करूनही तो संघ उभा राहिला नाही. शेवटचे दोन हंगाम तो विद्यापीठाच्या पाच हजार आसनांच्या सभागृहात खेळला आणि एप्रिल २०२४मध्ये १.२ अब्ज डॉलरना सॉल्ट लेक सिटीला गेला. पगारमर्यादा खर्च अडवू शकते. वाळवंटात हॉकीचं वेड रुजवणं तिच्या हातात नव्हतं.

शेवटची मोठी पळवाट टँपा बेने दाखवली. दीर्घकाळ जायबंदी खेळाडूच्या पगाराइतका खर्च तेव्हा मर्यादेवर करता येत असे, आणि बादफेरीत मर्यादा लागूच नव्हती, कारण तोवर हंगामाचे पगार देऊन झालेले असतात. निकिता कुचेरोव्हच्या नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो २०२१चा सगळा नियमित हंगाम बाहेर राहिला. बादफेरीच्या पहिल्या सामन्यात तो उतरला, ३२ गुणांसह सगळ्यांच्या पुढे राहिला आणि संघाने कप जिंकला. बादफेरीतल्या त्या संघाचा आकडा मर्यादेच्या १.८ कोटी वर होता. लीगने चौकशी करून नियमभंग नसल्याचं सांगितलं, आणि नियमभंग नव्हताही. पण हरलेल्या संघांची तक्रारही खरी होती. २०२५-२६पासून बादफेरीत प्रत्यक्ष उतरणारा संघही मर्यादेत बसला पाहिजे, असा नियम आला.

विनिपेगला या काळात दुसरीच चिंता लागली. फेब्रुवारी २०२४मध्ये मालक मार्क चिपमन यांनी उघड सांगितलं की हंगामी तिकिटं १३ हजारांवरून साडेनऊ हजारांच्या खाली आली आहेत आणि असं फार काळ चालणार नाही. त्याच महिन्याअखेरीस बेटमन विनिपेगला जाऊन आले. संघ मात्र तेव्हा उत्तम स्थितीत होता. गोलरक्षक कॉनर हेलेबक आणि मार्क शायफली या दोघांनी ऑक्टोबर २०२३मध्ये एकाच दिवशी सात-सात वर्षांचे, प्रत्येकी वर्षाला ८५ लाखांचे करार करून तिथेच राहायचं ठरवलं होतं. २०२४-२५मध्ये जेट्स नियमित हंगामात सगळ्या लीगमध्ये पहिला आला आणि हेलेबक लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. सेलानेच्या काळात यांतला एकही करार झाला नसता. २०२५-२६ची मर्यादा ९.५५ कोटी आहे, २०२७-२८साठी ११.३५ कोटी जाहीर झाली आहे. तिच्यासोबत तळही वर सरकेल, आणि पंधरा हजार आसनांच्या, लीगमधल्या सर्वात लहान सभागृहांपैकी एकात खेळणाऱ्या संघाला कॅनडाच्या डॉलरमध्ये तिकिटं विकून तो गाठावा लागेल.